जटामांसी, काळा उंदीर आणि मावशीचं तेल

इंदूरला आमच्या घरात कुणाचे केस गळायला लागले की सियागंजातून जटामांसी येते, तिळाच्या तेलात उकळते आणि बाटल्या भरतात. आता मी फार्माकॉलॉजीवाली, म्हणून मावशीचा प्रश्न की तुमच्या लॅबमध्ये हे सिद्ध झालंय का नाही ते एकदा सांग बाई.

तर ऐका. जटामांसीच्या मुळीचा (खरं तर जमिनीतलं खोड ते, पण बाजारात मूळच म्हणतात) अर्क काढून सी-५७ ब्लॅक-६ जातीच्या काळ्या उंदरांच्या पाठीवर लावतात. हेच उंदीर का, तर ह्यांच्या पाठीच्या कातडीत रंग फक्त केसांच्या मुळाशी तयार होतो, तोही केस वाढत असतानाच. साधारण सातव्या आठवड्यात पाठीवरचे सगळे केस एकदम झोपी जातात, म्हणजे वाढायचे थांबतात, तेव्हा मशीन फिरवलं की कातडी गुलाबी दिसते आणि केस जागे झाले की वर काही उगवायच्या आधीच ती करडी, मग काळी पडते. नुसत्या डोळ्यांनी कळतं!! एका गटाला अर्क, एकाला मिनॉक्सिडिल (केस वाढवायचं नेहमीचं औषध), एकाला अर्क ज्यात कालवतात ते नुसतं द्रावण, अर्काशिवाय. हा शेवटचा गट नसेल तर तो रिसर्च पेपर बाजूला ठेवायचा, माझं स्पष्ट मत, कारण केस उपटले किंवा वॅक्स केलं तरी तेवढ्यानंच झोपलेले केस उठतात, मग वरून औषध लावा नाहीतर पाणी. त्यात उंदीर एकमेकांना चाटतात, तो वेगळाच ताप.

पण ह्यातून कळलं काय? झोपलेला केस लवकर उठला, बस. माणसाच्या डोक्यावरचे ८५-९० टक्के केस आधीच जागे असतात आणि पुरुषांचं नेहमीचं टक्कल पडतं ते अँड्रोजनमुळे (पुरुषी हार्मोन) केसाचं मूळच बारीक होत जातं म्हणून. शिवाय लॅबचा अर्क बहुतेक अल्कोहोलमधला, मावशीचा तेलातला, दोन्हीत उतरतं ते सारखं नसतं.

मावशी म्हणते, मला तर गुण आला ना गं! तिला डेंग्यू झालेला, मग दोन-तीन महिन्यांनी केस मुठीनं गळले. मोठ्या तापानंतर असं होतं आणि बहुतेकांचे आपोआप परत येतात, नेमकं तेव्हाच तेल चालू असतं, म्हणून श्रेय तेलाला.

"बरं, मग ह्यांना लावू का, ह्यांचं तर पुढून सगळं गेलंय."

काकांना मी स्किनच्या डॉक्टरकडे धाडलंय, बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी खिशात घालून, कारण डॉक्टरांनी मिनॉक्सिडिल दिलं तर ते मुळात बीपीचंच औषध, केस वाढतात हे नंतर लक्षात आलं.