ब्रॉडरिकच्या मागावर यॉर्कशायरमध्ये: हलला टाऊन हॉल शोधत फिरू नका

कथबर्ट ब्रॉडरिक (१८२१–१९०५) या व्हिक्टोरियन वास्तुविशारदाच्या इमारती पाहण्यासाठी निघणाऱ्यांनी आधी एवढे ध्यानात घ्यावे की, इंग्लंडमधल्या हल या त्याच्या जन्मगावी त्याने बांधलेला टाऊन हॉल आज उभा नाही. माझ्याजवळच्या सहलीच्या पत्रकात त्याचे नाव ठळक अक्षरांत छापलेले होते, आणि त्यावर विश्वास ठेवून मी स्टेशनाबाहेर टॅक्सी केली. चालकाने मला सिटी हॉलपाशी उतरवून नऊ पौंड घेतले. ती इमारत वेगळी, ब्रॉडरिकनंतरच्या काळातली, आणि स्टेशनापासून पायी पाच मिनिटांवर! १८६०च्या दशकात बांधलेला मूळ टाऊन हॉल जेमतेम पन्नास वर्षांत पाडण्यात आला आणि त्या जागी गिल्डहॉल ही नगरपालिकेची नवी इमारत उभी राहिली, हे मला तिथे विचारपूस केल्यावर कळले.

टाऊन हॉलच्या माथ्यावरची घुमटी तेवढी पिअर्सन पार्कमध्ये आणून ठेवलेली आहे. स्टेशनापासून सुमारे दोन किलोमीटर. सरळ चालत जावे, टॅक्सी मुळीच करू नये. मी पावसात, पाठीवर पिशवी घेऊन गेलो. जी गोष्ट मान वर करून पाहायची, ती गवतावर उभी पाहून हसावे की चिडावे तेच मला कळेना. ही घुमटी पाहण्यासाठी हलला खास जाऊ नये. वाट वाकडी करावी लागत नसेल तरच जावे.

खरा ब्रॉडरिक लीड्सला भेटतो. हलच्या लॉकवूड या वास्तुविशारदाकडे उमेदवारी करून युरोप पाहून आलेल्या या माणसाने तिशीच्या उंबरठ्यावर लीड्सच्या टाऊन हॉलची स्पर्धा जिंकली. खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला, कंत्राटदाराचे दिवाळे निघाले, मनोरा हवा की नको यावर नगरपालिकेत वर्षानुवर्षे वाद चालला. तरी १८५८मध्ये खुद्द राणीने येऊन उद्घाटन केले. त्याचे कॉर्न एक्स्चेंज, म्हणजे धान्यबाजार, मात्र चुकवू नये. लंबवर्तुळाकार इमारतीच्या भिंतींतला दगड हिऱ्यासारखे पैलू पाडून बसवलेला आहे, आणि छताला उत्तरेकडे मोठी काच आहे, कारण दाण्याची पारख करताना थेट ऊन नको असे. संग्रहालय झालेल्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटला (कामगारांच्या शिक्षणासाठीची संस्था) अर्धा तास पुरे.

स्कारबरोचे ग्रँड हॉटेल (१८६७) किनाऱ्यावरूनच पाहावे, कारण कड्यावरून त्याची उंची निम्मी वाटते. चार मनोरे म्हणजे ऋतू, बारा मजले म्हणजे महिने, बावन्न धुराडी म्हणजे आठवडे, असा हिशेब तिथे सांगतात. आपले सहा ऋतू धरले असते, तर बिचाऱ्याला आणखी दोन मनोरे चढवावे लागले असते! किनाऱ्यावरून वर जाणाऱ्या पायऱ्या वाऱ्यात जीव काढतात. सामान घेऊन चढू नये. पन्नाशीच्या आत ब्रॉडरिक हे सारे सोडून फ्रान्सला गेला आणि चित्रे व बागकाम करत राहिला. त्या पायऱ्या चढून धापा टाकत असताना मला त्याचे मुळीच आश्चर्य वाटले नाही.