१२० बाय ४५ पिक्सेलमधला खेळ : आमची वाटचाल

आमची संस्था सुरू झाली तेव्हा आम्ही चौघे होतो: दोघे प्रोग्रामर, एक चित्रकार आणि हिशेबापासून आवाजाच्या ध्वनिमुद्रणापर्यंत उरलेले सगळे पाहणारा मी. बर्फाळ जंगलात एकट्याने दिवस काढण्याचा, म्हणजे जगून राहण्याचा, एक सर्व्हायव्हल संगणक-खेळ आम्ही करत होतो. भूक, थंडी, शिकार, सरपण हे सगळे त्यात होतेच, पण खेळाचा जीव कंदिलातल्या तेलात होता. तेल संपण्याच्या आत किती दूर जायचे आणि माघारी कधी वळायचे, या एका निर्णयाभोवती आम्ही सगळी रचना उभी केली होती. त्या रचनेवर आमची दोन वर्षे गेली. दुकानात दिसणाऱ्या चित्रासाठी, म्हणजे स्टीम या संगणक-खेळांच्या ऑनलाइन दुकानावर ज्याला कॅप्सूल म्हणतात त्यासाठी, आम्ही शेवटचा एक आठवडा राखून ठेवला होता, आणि आमच्या सगळ्या अंदाजांत हाच अंदाज सर्वांत जास्त चुकला.

पहिले चित्र देखणे होते, यात आजही शंका नाही. मावळतीचे आकाश, सूचिपर्णी झाडांची रांग, टेकडीवरची झोपडी, हरणांचा कळप, कुऱ्हाड घेतलेला पाठमोरा नायक, आणि एका कोपऱ्यात नाजूक अक्षरांत खेळाचे तीन शब्दांचे नाव. पण स्टीमला एका चित्राने भागत नाही. तेव्हा हेडर कॅप्सूल ४६० बाय २१५, मुख्य कॅप्सूल ६१६ बाय ३५३, छोटे २३१ बाय ८७ आणि उभे ३७४ बाय ४४८ पिक्सेलचे लागत असे. आता ही मापे दुप्पट झाली असली तरी चौकटींचे प्रमाण तेच आहे. आम्ही तेच मोठे चित्र कापून आणि आवळून चारही चौकटींत बसवले. छोट्या कॅप्सूलवरून स्टीम आणखी लहान प्रती तयार करते आणि यादीत काही ठिकाणी चित्र अवघ्या १२० बाय ४५ पिक्सेलचे दिसते, ही गोष्ट आम्ही कागदपत्रांत वाचली होती. प्रत्यक्ष पाहिली मात्र पान प्रसिद्ध झाल्यावर. त्या आकारात आमची दोन वर्षे ओल धरलेल्या भिंतीवरच्या डागासारखी दिसत होती. हरणे आणि नायक यांत फरक उरला नव्हता, आणि नाव तर आम्हालाही वाचता येत नव्हते.

घाबरून आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. या प्रकारातल्या कित्येक खेळांची कॅप्सूल एका पानावर शेजारी शेजारी लावली आणि त्यांत वारंवार दिसणारे ते सगळे उचलले: दाढीवाला रांगडा चेहरा, उगारलेली कुऱ्हाड, मागे भडकलेली आग, ठिणग्या. स्टीमच्या ट्रॅफिक अहवालात चित्र किती वेळा दाखवले गेले आणि त्यातून पानावर किती भेटी झाल्या, हे वेगवेगळे कळते. भेटी स्पष्टपणे वाढल्या आणि आम्ही खूश झालो, पण त्या मानाने विशलिस्ट, म्हणजे पुढे घेऊ म्हणून खेळ नोंदवून ठेवणाऱ्यांची संख्या, वाढत नव्हती, हे लक्षात यायला आम्हाला फार वेळ लागला. त्याच चित्रासह आम्ही अर्ली अॅक्सेसमध्ये, म्हणजे खेळ पूर्ण होण्याआधीच्या विक्रीत, उतरलो. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांहून कमी खेळलेला खेळ परत करता येतो. आमच्या खेळात पहिले दोन तास माणूस लाकडे गोळा करतो, दार दुरुस्त करतो आणि वाऱ्याचा आवाज ऐकतो. कुऱ्हाड पाहून आलेल्यांनी लढाई शोधली, ती सापडली नाही आणि त्यांनी खेळ परत केला. त्यांचा राग रास्त होता, कारण त्यांना दाखवलेले चित्र दुसऱ्याच खेळाचे होते.

तिसऱ्या वेळी चित्र काढण्याआधी आम्ही एकमेकांना एकच प्रश्न विचारला: आपल्या खेळात टंचाई कशाची आहे? माझ्या मते सर्व्हायव्हल खेळाच्या चित्राचा पाया हाच आहे. जगात काय काय आहे याची यादी तिथे कामाची नसते. बाहेर काय टपले आहे आणि माझ्या हाती किती थोडे आहे, हे दिसले की पाहणारा थबकतो. आमच्याकडे टंचाई उजेडाची होती. म्हणून चित्रात अंधारे जंगल, एक पिवळी खिडकी आणि तिच्यापासून दूर अंधारात गेलेली पावलांची रांग, एवढेच राहिले. पावले परत येत नाहीत, हे आम्ही मुद्दाम ठेवले. थंड निळ्यावर उबदार पिवळा ही या प्रकारातली झिजलेली जोडी आहे हे मान्य, पण पिवळा रंग अगदी नखाएवढा ठेवल्याने तिचा अर्थ बदलला.

चित्रकाराने या वेळी काम उलट्या बाजूने सुरू केले. आधी १२० बाय ४५ च्या चौकटीत काळा, करडा आणि पांढरा या तीनच छटांत मांडणी केली, आणि ती ओळखू येऊ लागल्यावरच रंगाला हात घातला. सर्वांत लहान चौकटीत पावले, झाडे सगळे गळाले. उरले ते जाड अक्षरांत दोन ओळींत बसवलेले नाव आणि एका अक्षराच्या पोकळीत पेटलेला पिवळा ठिपका. छोट्या कॅप्सूलमध्ये नावाने जवळजवळ सगळी जागा व्यापावी, हे स्टीमच्या मार्गदर्शनातच लिहिलेले आहे. चित्रकाराचे म्हणणे पडले की हे चित्र नसून पाटी आहे. ते खरेच होते, आणि त्या आकारात पाटीच हवी होती.

एक अडचण मात्र कागदावर दिसली नव्हती. स्टीमच्या दुकानाची पार्श्वभूमी गडद निळी आहे, आणि आमची रात्रही तशीच. चौकटीच्या कडा मागच्या पानात विरघळून गेल्या आणि चित्र कुठे संपते तेच कळेना. शेवटी खाली बर्फाचा फिकट पट्टा आणि वर धुक्याची झाक देऊन कडा उचलाव्या लागल्या.

मजकुराबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. १ सप्टेंबर २०२२ पासून कॅप्सूलवर खेळाची कलाकृती, नाव आणि अधिकृत उपशीर्षक यांखेरीज काही चालत नाही. गुण, पुरस्कार, सवलतीच्या घोषणा यांना मनाई आहे. मोठ्या अद्ययावतीकरणाची ओळ ठरावीक मुदतीपुरती लावता येते, पण ती खेळाच्या सर्व भाषांत द्यावी लागते. आम्हाला या नियमाने फायदाच झाला, कारण आमच्याकडे मिरवायला काही नव्हते.

चित्र चालते की नाही हे तपासणे अधिक कठीण गेले. एकाच वेळी दोन चित्रे दोन गटांना दाखवून तुलना करण्याची सोय स्टीमवर नाही. चित्र बदलून आधीचे आणि नंतरचे आठवडे ताडून पाहावेत, तर मध्येच एखादा सेल येतो आणि आकडे गढूळ होतात. म्हणून आम्ही शोधाच्या यादीचा स्क्रीनशॉट घेतला, त्यात आपले चित्र चिकटवले, तो अनोळखी माणसांना दोन सेकंद दाखवला आणि या खेळात काय करायचे असेल, एवढेच विचारले. दुसऱ्या चित्राला बहुतेकांनी मारामारी सांगितली होती. तिसऱ्याला ‘घरी परत यायचे’ असे उत्तर आल्यावर आम्ही तपासणी थांबवली. भेटी आधीच्यापेक्षा कमी झाल्या, परतीही कमी झाल्या, आणि परीक्षणांत कंदिलाचा उल्लेख येऊ लागला.

मावळतीचे ते पहिले चित्रही वाया गेले नाही. खेळ विकत घेतलेल्यांच्या लायब्ररीत वर ३८४० बाय १२४० पिक्सेलचे एक रुंद चित्र असते आणि त्यावर कोणताही मजकूर नसावा असा नियम आहे. हरणे, झोपडी आणि आकाश तिथे ऐसपैस मावले.

आता दुसऱ्या खेळाची जुळवाजुळव सुरू आहे. त्याचे नाव ठरवताना सुचलेली सगळी नावे आम्ही आधी त्याच लहान चौकटीत लिहून पाहिली, आणि चौघांनाही सर्वांत आवडलेले नाव तिथे वाचता न आल्यामुळे बाद झाले. चित्रकार अजून त्या नावासाठी भांडतो आहे.