८ मार्चचा मेळावा आणि चिठ्ठ्यांची पेटी

आमच्या मंडळात दरवर्षी ८ मार्चला मेळावा होतो. सुरुवातीची काही वर्षं तो चारचौघांसारखाच असायचा: स्वागत, सत्कार, भाषण, दोन गाणी, आभार. मग एका वर्षी आमच्या बाईंनी भाषण करायला चक्क नकार दिला. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका, मंडळातल्या लहानथोर सगळ्यांच्याच बाई. त्यांनी टेबलावर एक पेटी ठेवली आणि म्हणाल्या, "नाव न घालता मनातलं लिहा. अक्षर कुणाचं ते ओळखायचं नाही, आणि ओळखलंच तर बोलायचं नाही."

मेळाव्यात जीव आला तो त्या दिवशी.

पहिल्या चिठ्ठ्या मला अजून पाठ आहेत. 'पगार माझ्या खात्यात जमा होतो, पण कार्ड माझ्याकडे नसतं.' 'दुसरं मूल हवं की नको, हे घरातले सगळे बोलतात. मला कधी विचारणार?' आणि एक, पेन्सिलीनं लिहिलेली: 'मी दिवसभर घरी असते, म्हणून आई काहीच करत नाही असं मुलं म्हणतात.' ही वाचल्यावर मागच्या रांगांमध्ये चुळबुळ झाली. कितीजणींना ती आपलीच वाटली असेल!

उत्तरादाखल बाईंनी आइसलँडची हकीकत सांगितली. २४ ऑक्टोबर १९७५ या दिवशी तिथल्या जवळजवळ ९० टक्के बायकांनी काम बंद ठेवलं. कचेरीतलं, कारखान्यातलं, आणि घरातलंसुद्धा. बापांना मुलं बरोबर घेऊन कामावर जावं लागलं. एका दिवसात सगळ्या देशाला कळलं की घर आपोआप चालत नाही. पुढच्याच वर्षी तिथं समान हक्कांचा कायदा झाला, आणि १९८० मध्ये व्हिग्दिस फिनबोगादोत्तिर राष्ट्राध्यक्ष झाल्या. लोकांच्या मतांनी निवडून आलेली ती जगातली पहिली महिला राष्ट्राध्यक्ष. बाई सांगत होत्या आणि सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

नंतरच्या वर्षी पेटीतून निघालं: 'या मेळाव्यालाही घरचं सगळं आवरूनच यावं लागतं, म्हणून उशीर होतो.' त्यावर कुणी भाषण केलं नाही. मंडळातले पुरुष उठले आणि तेव्हापासून मेळावाभर शेजारच्या खोलीत मुलं तेच सांभाळतात. पहिल्या वर्षी तिथं रडारडीचा नुसता कल्लोळ होता; आता मुलंच बाहेर यायला तयार नसतात. मला या बदलाचं फार अप्रूप आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगातल्या बिनमोबदला घरकामाचा आणि देखभालीचा तीन चतुर्थांशाहून अधिक भार बायका उचलतात. त्यातला आमच्या वाट्याचा चिमूटभर तरी हलला.

अलीकडे एका मुलीनं लिहिलं होतं: 'मतदान आहे, शिक्षण आहे, नोकरी आहे. आता स्त्रीवाद कशाला?' प्रश्न प्रामाणिक होता आणि बाईंना तो मनापासून आवडला. त्या म्हणाल्या, स्वित्झर्लंडमध्ये बायकांना देशपातळीवर मताचा अधिकार मिळाला १९७१ मध्ये. त्याआधी १९५९ मध्ये पुरुष मतदारांनी तो नाकारला होता. तेव्हा नाकारल्या गेलेल्या कितीतरीजणी आजही हयात आहेत. इतकं हे सगळं ताजं आहे. आणि मिळालेलं टिकेलच असंही नाही. अफगाणिस्तानात २०२१ नंतर मुलींना माध्यमिक शाळा बंद झाल्या, २०२२ च्या अखेरीस विद्यापीठंही. कॉलेजला जाणाऱ्या मुली एका फर्मानानं घरी बसल्या.

ती मुलगी तेवढ्यावर थांबली नाही. आपणहून उभी राहिली आणि म्हणाली, "पण जिथं सगळं चांगलं आहे तिथं?" तेव्हा ग्रंथालय सांभाळणाऱ्या ताईंनी आइसलँडचाच पुढचा भाग सांगितला. स्त्री-पुरुष समानतेच्या जागतिक क्रमवारीत वर्षानुवर्षं पहिला असलेल्या त्या देशात २४ ऑक्टोबर २०२३ ला बायकांनी पुन्हा काम बंद ठेवलं, पगारातली तफावत आणि अत्याचार यांच्या विरोधात. त्या दिवशी पंतप्रधान कात्रिन याकोब्सदोत्तिर याही कामावर गेल्या नाहीत. मला वाटतं, त्या मुलीला उत्तर मिळालं. कायद्याचं काम कायद्यानं केलं होतं. पाकीट, रात्रीचा रस्ता, घरातला शेवटचा शब्द, ही कामं अजून व्हायची होती. जगात साधारण तीनपैकी एका बाईला आयुष्यात कधी ना कधी शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसावी लागते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे ऐकल्यावर मेळावा बंद करायचा विचार कुणाच्या मनात येईल?

पुरुषांच्या चिठ्ठ्याही येऊ लागल्यात, याचा मला विशेष आनंद आहे. गेल्या वेळी एकानं लिहिलं होतं, 'तान्ह्या मुलासाठी मी रजा मागितली तर साहेब हसले.' स्वीडननं १९७४ मध्येच ही रजा आई-वडील दोघांसाठी खुली केली, हे ऐकून बरेच बाप्ये सावरून बसले. मग एकेकजण बोलायला लागला, आणि सभागृह रिकामं करायची वेळ झाली तरी कुणी उठेना. शेवटी अध्यक्षांनी जाहीर केलं की पुढच्या मेळाव्याची सुरुवात याच चिठ्ठीनं होईल.