जुनं पॅकेज आडवं आलं तो दिवस

सकाळी साडेदहाला लॅबच्या मॅडमांचा फोन आला. "सर, अपग्रेड मधेच अडकलंय ओ. एकाच नाही, पंचवीसही मशीनवर. परवापासून गड्ड्याच्या जत्रेची सुट्टी लागतीय, त्याआधी पोरांची प्रॅक्टिकल संपवायचीत."

सोलापुरात होटगी रोडकडच्या त्या शाळेत डेबियन ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम आम्हीच बसवलीय. तिथल्या सॉफ्टवेअरला जावास्क्रिप्टची सात बारकी मोड्यूल, म्हणजे कोडचे तयार तुकडे, लागतात, त्यातलं एक तर अवघ्या चौदा ओळींचं. एवढ्याशा गोष्टीचं वेगळं पॅकेज (इन्स्टॉल करायचा गठ्ठा) केलं तर कोडपेक्षा त्याच्या नोंदीच मोठ्या होतात, आणि यादी ताजी करताना त्या नोंदी प्रत्येक मशीनला उतरवून घ्याव्या लागतात. म्हणून डेबियनमध्येही अशी मोड्यूल एका पॅकेजात बांधतात: मुख्य मोड्यूलचा टारबॉल (मूळ कोडची एकत्र बांधलेली फाइल), बाकीच्यांचे जोडीला.

मीही तेच केलं होतं. सातही परवाने उघडून वाचले, प्रत्येक लेखकाचं नाव कॉपीराइट फाइलीत उतरवलं. मुख्य आवृत्तीपुढे बाकी सहांच्या आवृत्त्यांची बेरीज जोडली, म्हणजे एकाचा आकडा वाढला तरी पॅकेज नवं ठरतं. (पुढे एखादं मोड्यूल वगळलं की बेरीज उतरते आणि नवं पॅकेज जुनं दिसायला लागतं, तेवढं सांभाळावं लागतं.) कोऱ्या चरूटमध्ये, म्हणजे मशीनच्या आतच वेगळ्या ठेवलेल्या स्वच्छ सिस्टीममध्ये, बिल्ड झालं, चाचण्या पास झाल्या, रात्री पॅकेज आमच्या रेपॉझिटरीत, म्हणजे मशीन जिथून पॅकेजं घेतात त्या साठ्यात, चढवलं.

मॅडमना स्क्रीनचा फोटो पाठवायला सांगितलं. डीपीकेजी, म्हणजे डेबियनमध्ये पॅकेज बसवणारा प्रोग्राम, म्हणत होता, ही फाइल दुसऱ्या पॅकेजाची आहे, तिच्यावर लिहिता येणार नाही. ते दुसरं पॅकेज गेल्या वर्षी मीच केलेलं, त्याच चौदा ओळींचं.

कोऱ्या चरूटमध्ये जुनं पॅकेज नव्हतंच, मग भांडण दिसणार कुठून? तिथे आधी जुनं टाकलं, वर नवं चढवलं. अक्षर न् अक्षर तीच एरर.

पॅकेजाची माहिती लिहायच्या कंट्रोल फाइलीत 'प्रोव्हाइड्स' होतं, त्यामुळे जुन्या नावानं मोड्यूल मागणाऱ्यांची सोय झालेली. 'रिप्लेसेस' आणि 'ब्रेक्स' मात्र लिहायचे राहिले होते. पहिल्यानं फाइल ताब्यात घ्यायला मुभा मिळते, दुसऱ्यानं जुनं पॅकेज बाजूला होतं. दोन्ही जुन्या आवृत्त्यांपुरतेच लिहायचे, नाहीतर उद्या कुणी ते मोड्यूल पुन्हा वेगळं केलं तर आमचंच पॅकेज वाट अडवेल.

दुरुस्ती दोन ओळींची. पण मला ती फार लागली. सात अनोळखी लेखकांची नावं मी नीट लिहिली, आणि स्वतःच्या हातानं केलेलं पॅकेज विसरलो.

दीड वाजता नवं पॅकेज चढवलं आणि फोन कानाला लावून बसलो.

"जुनं काढू का विचारतंय ओ सर. वाय दाबू?"

"दाबा."

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

"झालं सर. प्रॉम्प्ट आला."

"आता उरलेल्या चोवीस घ्या. मी लाइनवरच आहे."