आठे समुद्र कोठे से?

दिवसभर कयाकमध्ये बसून करता तरी काय, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न तसा जुनाच आहे. जीपच्या टपावर पाच मीटर लांबीची कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, बांधून शहाद्याहून सारंगखेड्याकडे निघालं की चहाच्या टपरीवर कोणीतरी विचारतंच, “ताई, आठे समुद्र कोठे से?” म्हणजे इथे समुद्र कुठे आहे? दत्तजयंतीच्या यात्रेत तर लोकांना ती पाळण्याचा सुटा भाग वाटते. समुद्रावरची होडी आहे, तापीत सराव करतो, असं सांगितलं की लगेच पुढचा प्रश्न: दिवसभर त्यात बसून करता तरी काय?

समुद्र आहे तापीच्याच टोकाला, सुरतेजवळ डुमसला. पण मध्ये उकाई धरण आडवं येतं, आणि तो समुद्र शिकाऊ माणसासाठी नाही. पलीकडे खंभातच्या आखातात भावनगरच्या बाजूला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरपर्यंत जातो. म्हणून समुद्रावरच्या लांब मोहिमेला आम्ही कोकणात जातो आणि त्यासाठी अंग तयार करतो ते इथे, सारंगखेडा आणि प्रकाशा या दोन बॅरेजच्या, म्हणजे दरवाजे असलेल्या बंधाऱ्यांच्या, मधल्या पाण्यात. पावसाळ्यानंतर बॅरेजचे दरवाजे टाकले की तापी चांगली रुंद, लांबलचक पसरते.

दिवस उजाडायच्या आधी सुरू होतो आणि त्याचा पहिला बराच वेळ वल्हवण्यात जात नाही, भरण्यात जातो. कयाकच्या पोटात पुढे आणि मागे एकेक बंद कप्पा असतो. त्यांची तोंडं लहान, त्यामुळे तंबू, झोपायची पिशवी, कपडे, शिधा, सगळं छोट्या जलरोधक पिशव्यांत विभागून कोंबावं लागतं. जड वस्तू बसायच्या जागेजवळ आणि अगदी बुडाशी. टोकांना हलकं सामान. पाण्याचे कॅन सगळ्यात जड, आणि तेच वगळता येत नाहीत. चहूकडे पाणी असलं तरी तापीचं पाणी थेट पिणारी मी नाही. भरलेली होडी रिकामीपेक्षा वळायला आळशी, पण लाटेत जास्त स्थिर असते.

मग वल्हवणं. लोक दंड बघतात. दंडांच्या जोरावर निघालेला माणूस दुपारपर्यंत गळून जातो. वल्ह्याचं पातं पायाच्या पंजाजवळ पाण्यात घालायचं, त्याच बाजूचा पाय होडीतल्या पायटीवर (पाय टेकायच्या आधारावर) रेटायचा आणि कंबरेपासून धड फिरवायचं. हात नुसते वल्हं धरायला. असं जमलं की ताशी पाचेक किलोमीटर सहज होतात. तासाभराने थांबून दोन घोट पाणी, चार शेंगदाणे, गुळाचा खडा. करमत नाही असं मात्र होत नाही. काठावर केळी, पपई, ऊस, उपसा पंपांचे पाइप. आणि पाण्यात भोई बांधवांची जाळी. जाळ्याचे तरंगे म्हणजे रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या. दोन बाटल्यांमध्ये दोरी जिथे खोल झुकलेली असते तिथे सुकाणू वर ओढून, वल्हं थांबवून सरकत पार व्हायचं. जाळंवाला जवळ असेल तर आधी विचारायचं. ते त्याचं पोट आहे, आपली हौस.

खरा मालक वारा. तापी वाहते पश्चिमेला, आणि होळीनंतर दुपारी वारा पश्चिमेकडून थेट तोंडावर येतो. सरळ, मोकळ्या पाण्यावर वाऱ्याला जितकी लांब धाव मिळते तितकी लाट वाढते, मग निम्म्या वेगाने जायलाही दुप्पट दम लागतो. म्हणून आम्ही पौष-माघात येतो आणि तरीही दुपारच्या आत काठ गाठतो. बॅरेजच्या दरवाजांजवळ तर वारा नसला तरी जायचं नाही, यावर चर्चाच नाही.

काठ निवडणं हे वल्हवण्याइतकंच कौशल्याचं काम आहे. काळ्या मातीचा गाळ दिसला की उतरायचं नाही. पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि चप्पल तिथेच राहते. खडकाळ किंवा रेताड जागा बघायची, वर शेतमालकाला विचारायचं, पोलीस पाटलांच्या कानावर घालायचं. एकदा ओळख झाली की वांगी बहुधा शेतातूनच मिळतात. बांधावरच्या पऱ्हाटीचा (कापसाच्या वाळक्या काड्यांचा) जाळ करून त्यावर ती भाजायची, साल करपून सुटली की सोलून हिरवी मिरची, लसूण, शेंगदाण्यांबरोबर ठेचायची. सोबत घरून आणलेली कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. स्टोव्हवर उकळायच्या तयार शेवया मी आणतच नाही. खान्देशात बसून ते खाणं मला पटत नाही.

तापी एक गोष्ट मात्र शिकवू शकत नाही. इथे संध्याकाळी पाणी जिथे असतं तिथेच ते साधारण सकाळी सापडतं. कोकणात दिवसातून दोनदा भरती येते आणि तिची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते. निघायचं कधी, खाडीच्या तोंडातून बाहेर पडायचं कधी, हे तिथे भरतीचं वेळापत्रक ठरवतं. तंबू वाळलेल्या शेवाळाच्या रेषेच्याही वर लावावा लागतो, आणि ओहोटीला उतरलात तर भरलेली होडी दोघींनी धरून अख्खी पुळण चढून न्यावी लागते.

यायचं असेल तर या. पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट घालावंच लागेल. आणि पहिल्या दिवशी काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात, मी तुमची होडी मुद्दाम उलटवणार आहे. तिच्यात पुन्हा चढता आलं की मगच पुढे.