डॉक्टर इल्ल री, नाळे बर्री

राजहंसगड काही मोठा गड नव्हे. बेळगावातून निघालं की येळ्ळूर, येळ्ळूरच्या पुढं गड. वर सिद्धेश्वराचं देऊळ आहे, २०२३ पासून शिवाजी महाराजांचा उंच पुतळा आहे आणि गाडीरस्ताही आहे. लहानपणी आम्ही चपला घालून चढलोय. त्याच गडावर आमच्या हरणीला, म्हणजे आमच्या कुत्रीला, न्यायचं ठरलं दिवाळीत आणि नेलं डिसेंबरात. मधला बराचसा काळ मी एका सरकारी जनावरांच्या दवाखान्याच्या बाकावर काढला. कुठला ते सांगत नाही. पुढच्या वर्षीही तिथंच जायचंय.

हरणी मुधोळ जातीची. दाजींनी मुधोळकडच्या एका खेड्यातून आणून दिली, आता सव्वा वर्षाची आहे. लांब तोंड, खोल छाती, कमर मुठीत मावेल अशी. रस्त्यानं निघालो की माणसं म्हणतात, "खायला घालत नाही काय हो हिला?" घालते, बाबांनो. ही जात अशीच असते.

आमच्या ग्रुपमधली दोन कुटुंबं लहान पोरं घेऊन येणार होती. त्यांची एकच अट होती, लसीचं कार्ड दाखवल्याशिवाय कुत्रं यायचं नाही. अट रास्त होती. कार्डही होतं. त्यावर तारीख होती, कुणाची तरी सही होती. मी कार्ड पर्समध्ये टाकलं आणि एकदा डॉक्टरांना दाखवून घ्यावं म्हणून दवाखान्यात गेले. चुकले. किंवा बरं केलं. अजून ठरवलेलं नाही.

पहिल्या दिवशी कंपाउंडर कन्नडात म्हणाला, "डॉक्टर इल्ल री, नाळे बर्री." म्हणजे डॉक्टर नाहीत, उद्या या. गाई-म्हशींना लाळ्या-खुरकुताची लस टोचायची मोहीम चालू होती, डॉक्टर खेड्यात गेले होते. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तर मी फाटकात दिसल्याबरोबर त्यानं लांबूनच हात हलवला, बोलायचेही कष्ट घेतले नाहीत. हे आधी फोन करून कळलं असतं म्हणाल, तर दवाखान्याचा फोन उचलायचं कामही त्याचंच.

चौथ्या खेपेला डॉक्टर भेटले. कार्ड उलटसुलट बघून म्हणाले, "अक्का, हे धरता येत नाही." एक तर लसीच्या बाटलीवरचं लेबल कार्डावर नाही, बॅच नंबर नाही, शिक्का नाही. दुसरं म्हणजे रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्याशिवाय देत नाहीत, आणि तारखेवरून हिला ती अडीच महिन्यांवरच दिलेली. हरणी ज्याच्याकडून आणली त्या माणसाचा नंबर दाजींकडून घेऊन मी तिथूनच फोन लावला. तो अगदी मोकळेपणानं म्हणाला, "लस मीच टोचली की! मेडिकलमधून आणून." म्हणजे सहीही त्याचीच. डॉक्टर समोर बसून ऐकत होते. काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

कुत्रं घेताना हे बघाच. तारखेशेजारी लेबल चिकटवलेलं हवं आणि डॉक्टरांचा शिक्का हवा. नुसत्या सहीला काही अर्थ नाही.

बरं, मग आता टोचा, म्हटलं. तर खरी गंमत तिथून पुढं. सरकारी दवाखान्यात रेबीजची बाटली दहा डोसांची. एका कुत्र्यासाठी फोडली तर उरलेली वाया जायची. "चार-पाच कुत्री जमू द्या, मग फोडतो." कधी जमतील? "बघू. नाळे बर्री." बाकावर बसून मी दोन दिवस कुत्र्यांची वाट बघितली. एक शेळी आली, एक पाय मोडलेलं वासरू आलं, एका आजीबाईंची कोंबडी आली. कुत्रं नाही. आणि रोज सकाळी मी हरणीला फिरवायची कुठं, तर टिळकवाडीच्या वॅक्सिन डेपोकडं! एकेकाळी तिथं देवीची लस तयार व्हायची. आता तिथल्या झाडांखालून मी एका डोसासाठी हळहळत फिरत होते.

तिसऱ्या दिवशी डोकं फिरलं. संध्याकाळी गल्लीत घरोघर गेले. दूधवाल्याचा काळू, समोरच्या मावशींचा पॉमेरियन, कोपऱ्यावरच्या गॅरेजची दोन गावठी भावंडं, आणि आमची हरणी. पाच कुत्री, दोन रिक्षा. एका रिक्षावाल्यानं जास्तीचे पन्नास रुपये घेतले, योग्यच घेतले. फाटकातून ही वरात आत शिरली तेव्हा कंपाउंडर पहिल्यांदा खुर्चीतून उठला. त्या दिवशी "नाळे" म्हणाला नाही. वर्षभरात मला कशाचा इतका अभिमान वाटलेला नाही.

तरी संपलं नाही. पाच कार्डं टेबलावर, आणि बाटलीवर लेबल एकच! मावशी म्हणाल्या, आमच्या कार्डाला लावा. मी म्हटलं, बाटली माझ्यामुळं फुटली. शेवटी डॉक्टरांनीच हसत पाचही कार्डांवर बॅच नंबर आणि मुदतीची तारीख हातानं लिहून शिक्के मारले. लेबल काळूच्या कार्डाला गेलं, कारण तो तेवढा वेळ गप्प बसला होता. हातानं लिहिलेलं चालतं, फक्त शिक्का स्पष्ट उमटलाय ना ते तिथंच बघून घ्या.

थांबायचं नसेल तर खासगीत एका डोसाची बाटली मिळते आणि लगेच टोचूनही देतात. हे मला नंतर कळलं. मोफत हवी असेल तर २८ सप्टेंबरच्या रेबीज दिनाला बऱ्याच ठिकाणी शिबिरं असतात, तेव्हा जा.

दुसरी लस, डिस्टेंपर-पार्व्हो या कुत्र्यांच्या आजारांची, त्यातच लेप्टो (उंदरांच्या मुतातून होणारा आजार) येतो ती, मेडिकलमधून बर्फात घालून आणली आणि टोचून घेतली. एकवीस दिवसांनी पुन्हा एकदा. ही टाळू नका. आपल्याकडं चढणीला लागायच्या आधी भाताची खाचरं लागतात. तिथं उंदीर आले, त्यांचं मूत साचलेल्या पाण्यात आलं, आणि कुत्रं नेमकं तेच पाणी पितं. म्हणून घरचं पाणी न्या. चोवीस किलोच्या कुत्र्याला एरवीच दिवसाला सव्वा लिटर लागतं, मी तिच्यासाठी वेगळे दोन लिटर नेले.

हां, पट्ट्याचं राहिलं. मुधोळची मान डोक्यापेक्षा जाड. साधा पट्टा मागं ओढला की डोक्यावरून सुटतो आणि कुत्रं मोकळं. ऑनलाइन मागवलेला छातीपट्टा पोटाला ढगळ, छातीला घट्ट. शेवटी कॅम्पातल्या एका चांभारकाकांनी दोऱ्यानं माप घेऊन चामड्याचा शिवून दिला. दोर हातातून सोडायचा नाही हा तर नियमच. ही नजरेनं शिकार करणारी जात, ससा किंवा करडू पळताना दिसलं की हिला आपलं नाव ऐकू येत नाही. खाचरांच्या बांधावर एका करडामागं तिनं अशी उसळी मारली की मी दोन्ही गुडघ्यांवर. पट्टा टिकला, माझी सलवार नाही.

सुरुवातीला माझ्या डोक्यात जांबोटी-कणकुंबीकडचं रान होतं. ते सोडलं. त्या बाजूचं भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, तिथं कुत्रं नेत नाहीत आणि नेऊही नये. आपल्या कुत्र्याचा आजार रानकुत्र्यांना लागू शकतो. शिवाय गोचिडी. माकडताप गोचिडींमधूनच माणसाला होतो, १९५७ मध्ये शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला. रान सोडून गड निवडला तरी गवत आहेच. म्हणून आठवडाभर आधी हरणीला गोचिडीची चावून खायची गोळी दिली, तीही वजन करून. कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. माझा आकडा विचारू नका.

रविवारी जाऊ नका, पुतळा बघायला गर्दी असते. आम्ही गुरुवारी पहाटे निघालो, नवाच्या आत खाली. निघायच्या आधी पोटभर घालायचं नाही, खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगून पीळ पडतो आणि ते जिवावर बेततं. अर्धी भाकरी आदल्या रात्री जास्त दिली, उरलेलं उतरल्यावर. मनुका, बेदाणे, चॉकलेट पोरांच्या खिशात असतं, ते कुत्र्याला विष आहे हे पोरांना आधी सांगा. आमच्यातल्या एका चिमुरड्यानं मूठ पुढं केलीच होती.

वाटेत येळ्ळूरच्या दोन कुत्र्यांनी हरणीला घेरलं. दात लागले नाहीत. लागले असते तर साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि थेट दवाखाना. लस झालेली असली तरी पुन्हा डोस घ्यावे लागतात, किती ते कार्ड बघून ठरतं. कार्ड माझ्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं. ज्यांनी अट घातली होती त्यांना मी ते पायथ्याशीच दाखवलं. न विचारता. दोनदा.

घरी येऊन अंगणात उन्हात बसलो. बोटांच्या बेचक्यांतून कुसळं काढायला पाऊण तास गेला, चिमट्यानं एकेक. कुसळ राहिलं तर आत आत सरकत जातं, म्हणून कानही बघितले, काखाही. तिच्या अंगावर गोचीड एकही सापडली नाही.

एक सापडली, ती माझ्या मोज्यात.