आमची वाटचाल: आधी मिठाचा हिशेब, मग ठिबक

पाऊस सुरू झाला की ठिबक चालू करा, असं आम्ही ठिबकवाले वाळवंटी भागातल्या गिऱ्हाइकांना सांगतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. "अहो, वर्षाकाठी चार सरी येतात, तेव्हा तरी मोटारीला सुट्टी द्या की!"

पण कारण साधं आहे. ड्रीपरमधून, म्हणजे ठिबकच्या थेंब सोडणाऱ्या तोंडातून, पडलेलं पाणी जमिनीत बाहेरच्या बाजूला पसरतं आणि जाताना मातीतले क्षार पुढे ढकलत नेतं. ओलाव्याच्या कडेला पांढरं कडं धरतं ते हेच. कड्याच्या आतली मुळं मजेत असतात. भुरभुर पाऊस झाला की ते कडं विरघळतं आणि सगळं मीठ पुन्हा मुळांपाशी येतं. ठिबक चालू असेल, तर पाण्याचा ओघ बाहेरच्या दिशेनेच राहतो आणि मीठ आत शिरत नाही. दणकून पाऊस झाला तर तो सगळंच धुऊन खाली नेतो, पण वाळवंटात तसला पाऊस कधी येईल याचा भरवसा नसतो.

आमची फर्म लहान. फिल्टर, लॅटरल (ड्रीपर बसवलेल्या नळ्या) आणि जोडणीचं सामान विकण्यापासून सुरुवात झाली. ठिबकच्या धंद्यातल्या प्रत्येकाला इस्रायलची गोष्ट तोंडपाठ असते: गळक्या पाइपाजवळचं एकच झाड इतरांपेक्षा जोमदार वाढलेलं पाण्याचे इंजिनिअर सिम्खा ब्लास यांना दिसलं, त्यातून ठिबकची कल्पना निघाली आणि १९६५ मध्ये नेगेव्ह वाळवंटातल्या हात्झेरिम किबुत्झवर, म्हणजे सामूहिक वसाहतीवर, नेटाफिम ही ठिबकची कंपनी उभी राहिली. आम्हीही ती रंगवून सांगतो. मात्र त्या गोष्टीत मिठाचं नावही येत नाही, आणि आमच्याकडे येणाऱ्या तक्रारी बहुतेक मिठाच्याच असायच्या. संच नीट चालतोय, पाणी वेळेवर आहे, तरी पानांच्या कडा करपतात. कुणी खत वाढवायचं, कुणी पाणी तोडायचं. पाणी तोडलं की दुखणं आणखी बळावतं.

मग आम्ही कागदावर आकडे मांडायला लागलो. ईसी म्हणजे विद्युतवाहकता; क्षार जितके जास्त तितकी ती जास्त. एक ईसीचं पाणी, म्हणजे एक डेसिसिमेन्स प्रति मीटर, कुणीही चांगलंच म्हणेल. अशा पाण्यात लिटरमागे साधारण ६४० मिलिग्रॅम क्षार असतात. हंगामात ५०० मिलिमीटर पाणी दिलं, तर हेक्टरी ५,००० घनमीटर होतं, आणि त्याबरोबर ३.२ टन मीठ शेतात येतं. पीक पाणी पिऊन टाकतं, मीठ जवळपास सगळं तिथेच राहतं. भरपूर पावसाच्या प्रदेशात ते पावसाळ्यात वाहून जातं. जिथे वर्षाला २५० मिलिमीटरही पडत नाही, तिथे ते कोण धुणार?

तेव्हापासून फर्मचा नियम झाला: पाण्याचा आणि मातीचा रिपोर्ट आल्याशिवाय कोटेशन नाही. रिपोर्ट हातात आला की पहिला प्रश्न पिकाचा, कारण मीठ धुवायला किती पाणी लागेल याचं सूत्र पाण्याची ईसी आणि पिकाची सहनशक्ती यांवर चालतं. दोन ईसीचं पाणी असेल आणि लावायचा असेल खजूर, तर दिलेल्या पाण्यातला सुमारे नववा हिस्सा मुळांखाली उतरू दिला की भागतं, कारण खजूर मातीतली ईसी चारपर्यंत सहज सोसतो. त्याच पाण्यावर गाजर किंवा घेवडा घ्यायचा म्हटलं तर तेच सूत्र दोन तृतीयांश पाणी नुसतं मीठ धुवायला मागतं, कारण त्यांची सहनशक्ती एकच्या आसपास. अशा वेळी पीक बदला म्हणून सांगायला सूत्रच हाताशी असतं, वाद घालावा लागत नाही.

आणि धुतलेलं मीठ जाणार कुठे? खाली कठीण थर असेल तर ते पाण्यासकट वर येतं. राजस्थानात इंदिरा गांधी कालव्याच्या लाभक्षेत्रात काही पट्टे असेच पाणथळ आणि खारवट झाले: खाली पाणी न मुरणारा थर आणि वरून हात सैल सोडून दिलेलं पाणी. म्हणून निचऱ्याची वाट दिसेपर्यंत आम्ही पाइप उतरवत नाही.

आमच्या फिटरच्या पिशवीत पान्यांबरोबर प्लास्टिकच्या कपांची चळत असते. लॅटरलच्या सुरुवातीला, मधे आणि शेवटी ड्रीपरखाली कप ठेवायचे, ठरावीक मिनिटं पाणी जमू द्यायचं आणि मोजायचं. सगळ्यात कमी भरलेल्या पाव भाग कपांची सरासरी एकूण सरासरीच्या ऐंशी टक्क्यांखाली गेली, की संच उघडायचा. ड्रीपरमधल्या पांढऱ्या पापुद्र्यावर आम्लाचा थेंब टाकल्यावर फसफसलं तर कार्बोनेट, त्याला आम्लाची प्रक्रिया. हाताला बुळबुळीत लागलं तर शेवाळ किंवा जिवाणू, त्याला क्लोरीन. दोन्ही एकत्र कधीच नाही, विषारी वायू सुटतो. नवीन पोराला आम्ही आधी एवढंच शिकवतो, बाकीचं नंतर. खरं सांगायचं तर फर्मचं पोट भरतं ते या वार्षिक देखभालीवर, नव्या संचांवर नाही.

'ठिबकने पाणी वाचतं' हे वाक्य आमच्या माहितीपत्रकातून आम्ही काढून टाकलं. शेतापुरतं ते खरं आहे. पण वाचलेल्या पाण्यावर शेजारचा तुकडा भिजायला लागतो आणि भूजलाची पातळी उतरायची ती उतरतेच. सौदी अरेबियाने पुन्हा न भरणाऱ्या प्राचीन भूजलावर गहू पिकवला, निर्यातही केला, २००८ मध्ये हात आखडता घ्यायचं ठरवलं आणि २०१६ मध्ये सरकारने देशी गव्हाची खरेदीच थांबवली. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? आता आमच्या करारात पाण्याचं मीटर आणि भिजवायच्या क्षेत्राची मर्यादा लिहिलेली असते. त्यापायी मोठी कामं हातची गेली. जाऊ देत.

अलीकडे मन रमतं ते निराळ्याच कामात. जैसलमेरच्या बाजूला पालीवाल ब्राह्मणांनी पंधराव्या शतकापासून खडीन बांधले. खडकाळ उतारावरचं पावसाचं पाणी खाली लांब बांध घालून अडवायचं, शेतात मुरू द्यायचं आणि त्या ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा. नेगेव्हमध्ये प्राचीन काळचे नबाती लोक याच तत्त्वावर शेती करत. इस्रायली वनस्पतिशास्त्रज्ञ मायकेल एव्हेनारी यांनी तिथल्याच अवदात इथे त्यांचं जुनं शेत पुन्हा उभं करून दाखवलं. हे पाणी पावसाचं, म्हणजे जवळपास बिनमिठाचं. शेतात साचलेलं पाणी मुरताना आधीचे क्षारही खाली नेतं. गणित कडक आहे: एका वाट्याच्या शेतासाठी दहा-पंधरा वाटे पाणलोट मोकळा ठेवावा लागतो, आणि जमीनमालकाला ते ऐकवणं हेच निम्मं काम.

यात विकायला पाइप नाही. आम्ही लेव्हल घेतो, बांधाची रेषा आखतो, सांडवा किती रुंद आणि कोणत्या उंचीला ठेवायचा ते ठरवतो आणि तेवढ्याचीच फी घेतो. सांडव्यावर काटकसर करायची म्हणणाऱ्याचं काम घेत नाही, कारण वाळवंटातला पाऊस आला तर तासाभरात येतो आणि अरुंद सांडव्याचा बांध त्याच दिवशी फुटतो. नफा जेमतेम, म्हणून देखभालीचे करार सुरूच ठेवले आहेत. सध्या एका जागी दोन्ही एकत्र करतोय: वरच्या अंगाला बांध, खालच्या अंगाला खजुराची ठिबक, आणि मुळांच्या थरातली ईसी दर हंगामाला मोजून ठेवायची वही.